रुग्णासोबत दवाखान्यात राहताना: भरतीनंतर जडणारा संसर्ग कसा टाळावा

विदर्भातील खेड्यात कोणी आजारी पडले की रुग्ण एकटा भरती होत नाही. त्याच्यासोबत घरातले निदान एक माणूस, दोन चादरी, पाण्याची कॅन आणि भाकरीचा डबा असे सगळेच दवाखान्यात मुक्कामाला जाते. खाटेशेजारी बसणाऱ्या या माणसाला सहसा कोणी काही शिकवत नाही. तरीही रुग्णाला पाणी पाजणे, कूस बदलणे, घाम पुसणे, लघवीची पिशवी रिकामी करणे ही कामे दिवसरात्र त्याच्याच हातून होत असतात. मी बत्तीस वर्षे सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले, आणि त्यातली बहुतेक वर्षे तालुक्याच्या ठिकाणी गेली. रात्रपाळीला संपूर्ण वॉर्डात एकच सिस्टर असते हे मी स्वतः भोगले आहे, म्हणूनच हे मार्गदर्शन डॉक्टरांसाठी नसून खाटेशेजारच्या माणसासाठी लिहीत आहे.

रुग्ण भरती झाला तेव्हा जो संसर्ग त्याच्या अंगात नव्हता आणि जो भरतीनंतर साधारण ४८ तास उलटल्यावर दिसू लागला, त्याला रुग्णालयात जडलेला संसर्ग म्हणतात. शस्त्रक्रियेच्या जखमेबाबत ही मुदत ३० दिवसांची धरतात, आणि हाडात सळई किंवा पट्टी बसवली असेल तर काही शस्त्रक्रियांसाठी ९० दिवसांची. म्हणजे रुग्ण सुट्टी होऊन घरी आल्यानंतर जखमेत पू झाला, तरी त्याचे मूळ दवाखान्यात असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार श्रीमंत देशांत भरती झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना असा संसर्ग होतो, तर आपल्यासारख्या अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना होतो, आणि संसर्ग झालेल्या दर दहा जणांपैकी सरासरी एक जण त्यामुळे दगावतो. हात स्वच्छ ठेवणे आणि इतर साध्या उपायांनी यातले ७० टक्के संसर्ग टळू शकतात, असेही तोच अहवाल सांगतो. कापूस वेचणीच्या किंवा धान रोवणीच्या दिवसांत दवाखान्यातला मुक्काम आठ दिवसांनी वाढला तर त्या घरावर काय ओढवते, हे आपल्या वाचकांना आकड्यांशिवायही समजेल.

निघण्यापूर्वी

सोबत कोण जाणार हे आधी ठरवावे. दोन धडधाकट माणसांनी आळीपाळीने राहावे. ज्याला सर्दी, खोकला, ताप, जुलाब किंवा हातावर पिकलेला फोड आहे त्याने घरीच थांबावे, मग तो रुग्णाचा कितीही जवळचा असो. सोबतच्या माणसाने नखे कापून जावे, अंगठी घरी ठेवावी आणि काचेच्या बांगड्या काढायच्या नसतील तर हात धुताना त्या कोपराकडे सरकवण्याची सवय लावून घ्यावी. पिशवीत अंगाच्या साबणाची एक नवी वडी, भोके असलेली साबणदाणी, दोन धुतलेले पंचे, नेलकटर आणि एक वही-पेन एवढे असावेच. साबण पाण्यात भिजत पडला की त्या लिबलिबीत थरात जंतू वाढतात. म्हणून साबणदाणीला भोके हवीत, आणि रुग्णाचा पंचा व आपला पंचा वेगळा हवा.

हात

संसर्ग हवेतून येतो असे बहुतेकांना वाटते, परंतु वॉर्डात तो सर्वांत जास्त फिरतो तो हातांवरून. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांच्या हे लक्षात आले. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या विभागात एप्रिल महिन्यात १८ टक्क्यांहून अधिक बाळंतिणी दगावल्या होत्या. त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम लावला आणि दोन-तीन महिन्यांतच हे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. त्या वेळी जंतूंचा सिद्धांतसुद्धा प्रस्थापित झालेला नव्हता.

आपण हात केव्हा धुवावेत? रुग्णाला स्पर्श करण्याआधी आणि केल्यानंतर. त्याला खाऊ घालण्याआधी. लघवीची पिशवी, बेडपॅन, उलटी, रक्त किंवा जखमेचा स्राव यांना हात लागल्यानंतर लगेच. आणि खाटेच्या कठड्याला, सलाईनच्या स्टँडला किंवा शेजारच्या रुग्णाच्या वस्तूंना हात लावल्यावर. साबण लावून तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके आणि मनगट असे सगळे चोळण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. बाटलीतले सॅनिटायझर असेल तर २० ते ३० सेकंद चोळून हात आपोआप वाळू द्यावेत. मात्र हात डोळ्यांना दिसेल इतके मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नये, कारण जुलाबाचे काही जंतू त्याने मरत नाहीत. तेथे साबण आणि पाणीच हवे.

आता पाण्याची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे अनेक ठिकाणी नळाला धार नसते, आणि वॉर्डाच्या कोपऱ्यात एक बादली व एक मग एवढीच सोय उरते. त्या बादलीत प्रत्येक जण मळका हात घालून मग भरतो, आणि तासाभरात ते पाणी हात धुण्याच्या लायकीचे राहत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे तोटी बसवलेली पाण्याची कॅन सोबत नेणे. ती नसेल तर दुसऱ्याने वरून पाणी ओतावे आणि आपण वाहत्या धारेखाली हात धुवावेत. साठलेल्या पाण्यात हात बुचकळू नयेत.

डॉक्टर किंवा सिस्टर एका रुग्णाकडून थेट आपल्या रुग्णाकडे आल्या, तर त्यांना हात धुण्यास सांगण्याचा संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. "सिस्टर, हातावर पाणी ओतू का?" एवढे विचारले तरी पुरते. मला स्वतःला एका आजीने असे विचारले होते. मला राग आला नाही, लाज वाटली, आणि त्यानंतर तिच्या खाटेजवळ जाताना मी कधी विसरले नाही.

येथे खर्र्याविषयी, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणाविषयी, स्पष्ट लिहिणे भाग आहे. पन्नीत खर्रा घोटायचा, दोन बोटांनी तोंडात टाकायचा, बोटे पॅन्टला पुसायची आणि त्याच हाताने आजारी वडिलांना गोळी भरवायची किंवा त्यांच्या ड्रेसिंगची पट्टी नीट करायची, हे मी वॉर्डात रोज पाहिले आहे. तोंडातली लाळ बोटांवर, बोटांवरून जखमेवर, असा तो सरळ मार्ग आहे. दवाखान्याच्या आवारात खर्रा खाऊच नये, आणि रुग्णाला तर अजिबात देऊ नये, कारण तंबाखूमुळे जखम भरण्यास वेळ लागतो.

नळ्या आणि सुया

दवाखान्यातला संसर्ग शरीरात शिरतो तो बहुधा आपणच उघडलेल्या वाटेने: लघवीची नळी, सलाईनची सुई, श्वासाची नळी आणि शस्त्रक्रियेची जखम. यांतल्या लघवीच्या नळीकडे सोबतच्या माणसाने सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण ती बहुतेक वेळ त्याच्याच ताब्यात असते.

एक प्रसंग सांगते. बैलबंडीवरून पडून मांडीचे हाड मोडलेले एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे भरती झाले होते. त्यांना एक्स-रेसाठी न्यायचे होते. त्यांच्या मुलाने लघवीची पिशवी जमिनीवरून घासत जाऊ नये म्हणून काळजीपूर्वक उचलली आणि वडिलांच्या पोटावर ठेवली. मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला उभी होते, आणि नळीतली पिवळी धार उलट्या दिशेने सरकताना मला दिसली. परत आल्यावर सांगू, असे मनात म्हटले आणि कामाच्या गर्दीत ते राहून गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हुडहुडी भरून ताप आला, लघवी गढूळ झाली, आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. शेतात सोयाबीन काढणीला आले होते. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगण्याचे काम माझे होते.

म्हणून हे नीट लक्षात घ्यावे. पिशवी नेहमी रुग्णाच्या कमरेच्या पातळीखाली असावी, परंतु जमिनीला टेकू नये. खाटेच्या चौकटीला अडकवावी. रुग्णाला हलवताना आधी पिशवी रिकामी करावी आणि ती खालीच धरून चालावे. नळी दुमडलेली किंवा अंगाखाली दबलेली नाही, हे दर दोन-तीन तासांनी पाहावे. पिशवी खालच्या तोटीतून रिकामी करावी, तोटी भांड्याला टेकू देऊ नये, आणि नळी व पिशवी यांचा जोड कधीही स्वतः उघडू नये. नळी असताना लघवीत जंतू उतरण्याचा धोका दररोज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जातो, त्यामुळे रोज सकाळी राऊंडच्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "साहेब, ही नळी आज लागते का?" अनेकदा ती केवळ कोणाच्या लक्षात न राहिल्यामुळे राहिलेली असते. उलट, नळी असली की रुग्णाला उठवावे लागत नाही, म्हणून ती राहू द्या, असा आग्रह नातेवाइकांनीही धरू नये.

सलाईनच्या सुईची जागा रोज उजेडात पाहावी. तेथे लाली, सूज, दुखणे, कडक दोरीसारखी शीर किंवा ओल दिसली तर सिस्टरला त्याच वेळी सांगावे. पट्टी ओली किंवा सुटलेली असेल तर ती बदलून मागावी. रुग्णाला पुसताना तो भाग कोरडा ठेवावा. इंजेक्शन देताना नवी सिरिंज आपल्यासमोर फोडली जात आहे का, हे पाहण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

याच्याशी जोडलेली एक समजूत खेड्यापाड्यांत खोलवर रुजलेली आहे, ती म्हणजे सलाईन लावली की ताकद येते. अशक्तपणा वाटला की मजूर माणूस स्वतःहून "एक बाटली लावून द्या" म्हणतो. ५ टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जो रुग्ण तोंडाने पिऊ शकतो त्याला तेवढे सरबत किंवा जुलाबात ओआरएस देऊन भागते, आणि कातडीला भोक पडत नाही. डॉक्टरांनी सलाईनची गरज नाही असे सांगितले तर ते आपले औषध चोरत आहेत असे समजू नये.

ऑक्सिजन लावलेला असेल तर भिंतीजवळच्या छोट्या बाटलीत बुडबुडे येताना दिसतात. त्या बाटलीत निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी घालायचे असते आणि ते रोज बदलायचे असते. पाणी कमी झाले म्हणून पिण्याच्या बाटलीतले पाणी त्यात ओतण्याचा उपकार कोणी करू नये, सिस्टरला सांगावे. वाफेच्या मशीनच्या मास्कचेही तसेच: तो एका रुग्णाचा दुसऱ्याला लावू देऊ नये. बेशुद्ध, पक्षाघात झालेल्या किंवा नाकातून नळी टाकलेल्या रुग्णाचे डोके, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर, ३० ते ४५ अंश उंच ठेवावे आणि तोंड रोज निदान दोनदा स्वच्छ करावे. अशा रुग्णाला आडवे ठेवून पाणी पाजले तर ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

शस्त्रक्रिया असेल तेव्हा

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या सकाळी रुग्णाला साबणाने आंघोळ घालावी. केस काढायचे म्हणून घरी किंवा गावच्या सलूनमध्ये वस्तऱ्याने ती जागा तासून आणू नये. वस्तऱ्याने कातडीवर न दिसणारे ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू शिरतात. गरज असल्यास रुग्णालयात मशीनने केस कापतात. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आहे का हे आधीच विचारावे, कारण वाढलेल्या साखरेत जखम पिकते. जंतुसंसर्ग टाळण्याचे इंजेक्शन चीर देण्याच्या आधी द्यायचे असते. नंतर केवळ खबरदारी म्हणून ते दिवसेंदिवस चालू ठेवल्याने फायदा होत नाही.

ड्रेसिंग उघडून पाहण्याचा मोह आवरावा. भेटीला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला टाके दाखवण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. हळद, राख, तेल, पावडर यांतले काहीही जखमेवर लावू नये. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीला सव्वा महिना एका अंधाऱ्या खोलीत शेक देऊन ठेवतात, आणि घामाने ओली झालेली जखम कोणी पाहतच नाही. तिची जखम रोज स्वच्छ हाताने, उजेडात, स्पर्श न करता पाहावी.

नवजात बाळ

बाळाच्या नाळेला काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी. आईचे दूध हेच त्याचे पहिले संरक्षण आहे. बाळ ओढत नसेल तर दूध काढून उकळलेल्या वाटी-चमच्याने पाजावे, बाटली आणू नये. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची पद्धत त्याला उबेसोबत संसर्गापासूनही जपते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्यात जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर उपचार करणेही होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतील नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. थोडेफार शिकलेली गावची बाई जर दूध न ओढणारे, थंड पडलेले, कण्हणारे बाळ वेळीच ओळखू शकते, तर वॉर्डात बसलेली आजीही ओळखू शकते.

वॉर्डात वावरताना

भेटीला येणाऱ्यांची गर्दी ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. आख्खी जीपभर माणसे प्रेमापोटीच येतात, परंतु ती रुग्णाच्या खाटेवर बसतात, लहान लेकरांना घेऊन येतात आणि शेजारच्या तीन खाटांवरील रुग्णांचीही विचारपूस हात धरून करतात. त्यांना व्हरांड्यातच भेटावे, एका वेळी एकालाच आत पाठवावे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाबाबत तर हे कटाक्षाने पाळावे, कारण त्याचे शरीर संसर्गाला लवकर बळी पडते.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की वॉर्डात कूलर येतात. कूलरच्या टाकीतले पाणी आठवड्यातून निदान एकदा पूर्ण काढून, टाकी घासून वाळवली नाही तर त्यात डेंग्यूचे डास वाढतात. ते होत नसेल तर वॉर्ड इन्चार्ज सिस्टरला सांगावे. खिडक्या मात्र उघड्या राहू द्याव्यात, कारण खोकल्यातून पसरणाऱ्या क्षयासारख्या रोगाला बंद खोली मानवते. पट्ट्या व रक्ताचे बोळे पिवळ्या डब्यात, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल डब्यात जातात, आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात; डबा–पत्रावळीचा कचरा त्यांत टाकू नये आणि खाली पडलेली सुई हाताने उचलू नये.

अँटिबायोटिक

दवाखान्यातले जंतू अनेक औषधांना दाद देत नाहीत, आणि म्हणूनच हा संसर्ग महाग पडतो. ताप आला की "भारी इंजेक्शन द्या" असा आग्रह धरू नये. त्याऐवजी रक्ताची किंवा लघवीची कल्चर तपासणी, म्हणजे कोणता जंतू आहे हे पाहणारी तपासणी, औषध सुरू करण्याआधी पाठवली का, आणि तिचा अहवाल आल्यावर औषध बदलायचे का, हे विचारावे. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत.

केव्हा आणि कोणाला सांगावे

सोबत नेलेल्या वहीत रोजची तारीख, ताप, लघवीचा रंग, नळी किंवा सुई कोणत्या दिवशी लावली आणि कोणत्या दिवशी काढली, एवढे लिहीत जावे. हुडहुडी, वाढलेली धाप, जखमेभोवती पसरणारी लाली, पू किंवा दुर्गंधी, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर राऊंडची वाट पाहू नये. म्हाताऱ्या माणसांत ताप येईलच असे नाही. कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा आज असंबद्ध बोलू लागले किंवा सारखे झोपू लागले, तर तेही संसर्गाचे लक्षण असू शकते. आधी सिस्टरला, मग ड्यूटीवरील डॉक्टरांना, आणि तेथे दखल घेतली गेली नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना शांतपणे, वही दाखवून सांगावे. सरकारी आरोग्य सल्ल्यासाठी १०४ हा क्रमांक आहे, तर रुग्णवाहिकेसाठी १०८. रुग्णाला नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात रेफर केले तर ही वही सोबत न्यावी, कारण पुढच्या डॉक्टरांना नळी किती दिवसांची आहे हे चिठ्ठीतून नेहमीच कळते असे नाही. उपचाराच्या कागदपत्रांची प्रत मागितल्यावर ती ७२ तासांच्या आत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे.

सुट्टी झाल्यावर दवाखान्यात वापरलेल्या चादरी आणि कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात साबणाने धुवून कडक उन्हात वाळवावेत. टाके कापण्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यापुढचे ३० दिवस जखमेची रोजची नोंद त्याच वहीत चालू ठेवावी.